अडीच दिवसांचं फ्लॉरेन्स आणि सतरा ठिकाणांची यादी

पत्र : नमस्कार. आम्ही दोघं कोल्हापूरचे. माझं वय ६१, यांचं ६६. मुलगा मिलानला नोकरीला आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही त्याच्याकडे जातोय. व्हिसा आला, विमानाची तिकिटंही झाली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा काढून तो आम्हाला फ्लॉरेन्स दाखवणार आहे. शनिवारी दुपारी पोचायचं, सोमवारी रात्री मिलानला परत. त्याने सतरा ठिकाणांची यादी केली आहे, त्यात पिसाचा कलता मनोराही आहे. माझे गुडघे दुखतात. यांना मात्र त्या मोठ्या घुमटावर चढायचंच आहे. मी शाकाहारी, अंडंही खात नाही. ओळखीतले एकजण म्हणाले, फ्लॉरेन्सला अर्धा दिवस पुष्कळ झाला. आणि एक विचारायचं होतं. आमचे वडील सांगायचे की आपल्या एका महाराजांची समाधी तिथे आहे. हे खरं का? काय पाहू आणि काय सोडू?
— एक वाचक, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. वडील खरं तेच सांगत होते. आर्नो नदीच्या काठी कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री, म्हणजे स्मारक आहे, आणि तुमच्या अडीच दिवसांतली एक दुपार मी तिच्यासाठी राखून ठेवणार आहे. पण त्याआधी तारखांचा घोळ निस्तरायला हवा.

उफिझी आणि अकादेमिया ही फ्लॉरेन्सची दोन मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. मुलाच्या यादीत ती सोमवारीच असतील तर आजच बदलून घ्या. त्याची रजा मंगळवार-बुधवारी सरकवता आली तर उत्तमच. नाही आली तरी जमेल, फक्त क्रम बदलावा लागेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं सगळ्यांना फुकट असतात आणि त्या दिवशी दारात प्रचंड रांग लागते. तुमचा रविवार दुसरा आहे, त्यामुळे त्या गर्दीतून तुम्ही वाचलात.

आता ती यादी. मुलाने ती प्रेमाने केली आहे, त्याला दुखवू नका, पण त्यातली निम्म्याहून जास्त नावं खोडून टाका. माझा नियम साधा आहे : सकाळी एक मोठी गोष्ट, संध्याकाळी एक मोठी गोष्ट, मध्ये जेवण आणि आडवं होणं. मी पहिल्यांदा फ्लॉरेन्सला गेले तेव्हा सकाळी उफिझी आणि दुपारी नदीपलीकडचा पित्ती महाल, असं दोन्ही एका दिवसात उरकलं होतं. रात्री खोलीवर आल्यावर काय पाहिलं ते आठवायला बसले, तर डोळ्यांसमोर सोनेरी चौकटींखेरीज काही येईना. एवढा खर्च करून, एवढ्या लांब जाऊन चौकटी बघून आले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून पित्ती महाल आणि त्यामागची बाग सोडा, इथल्या जुन्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याची थडगी सोडा, सिएना हे शेजारचं शहर सोडा. पिसा तर सोडाच. जायला तास, यायला तास, मनोऱ्याला हात टेकवल्याचा फोटो, की झाली तुमची अर्धी सहल. मुलगा मिलानला आहे, पिसा पुन्हा कधीतरी होईल.

‘अर्धा दिवस पुष्कळ’ म्हणणाऱ्यांचं मला समजू शकतं. जुनं शहर खरंच छोटं आहे, स्टेशनापासून मोठ्या चर्चपर्यंत दहा-बारा मिनिटांत चालत पोचता येतं. पण अंतर छोटं असलं म्हणून मजकूर थोडा नसतो.

शनिवार. मिलानहून वेगवान गाडीने साधारण दोन तास लागतात. तिकिटावर आणि फलाटावर ‘फिरेंझे’ असं लिहिलेलं असेल, फ्लॉरेन्सचं इटालियन नाव तेच. उतरायचं स्टेशन सांता मारिया नोवेला. शहरात आणखी स्टेशनं आहेत, म्हणून तिकीट काढताना हे नाव तपासा. राहायची जागा स्टेशन आणि चर्च यांच्या मधल्या भागात घ्या. आणि बुक करताना ‘लिफ्ट आहे का’ हे स्पष्ट विचारा. तिथली बरीच छोटी हॉटेलं जुन्या वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर असतात आणि त्यांचे जिने उंच असतात. तुमच्या गुडघ्यांना घुमटापेक्षा या जिन्यांचीच भीती जास्त. रस्ते दगडी फरसाचे आहेत, तेव्हा चपला-सँडल नकोत, जाड तळव्याचे, वापरून मऊ झालेले बूट न्या. शहराचा पर्यटन कर हॉटेलात माणशी, दर रात्रीला वेगळा द्यावा लागतो. बिलात तो दिसला तर फसवलं असं समजू नका.

चार-साडेचारच्या वेळेचं अकादेमियाचं तिकीट काढा. हे संग्रहालय लहान आहे, तासा-दीड तासात होतं. सगळे जातात ते मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’साठी. पाच मीटरहून उंच, एकसंध संगमरवर. हा दगड आधीच्या शिल्पकारांनी थोडासा कोरून सोडून दिला होता आणि कित्येक वर्षं तो तसाच पडून होता. १५०१ साली सव्वीस वर्षांच्या मायकेलअँजेलोने तो हातात घेतला आणि १५०४ मध्ये पुरा केला. पण त्याच्याकडे धावत जाऊ नका. तिकडे नेणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना त्याचेच अपुरे राहिलेले ‘कैदी’ आहेत. कुणाचं डोकं अजून दगडातच, कुणाचा खांदा बाहेर आलेला, छिन्नीचे ओरखडे जसेच्या तसे. तिथे थांबलात की दगडातून माणूस कसा काढतात ते समोर दिसतं आणि मग डेव्हिड वेगळाच वाटतो. बाहेर चौकात जो उभा आहे तो नक्कल आहे. खरा १८७३ साली आत हलवला.

रविवार. उफिझी सकाळी सव्वाआठला उघडतं. पहिल्या वेळेचंच तिकीट घ्या. अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, कारण शोधताना वर येणाऱ्या बऱ्याच साइट मधल्या विक्रेत्यांच्या असतात आणि तेच तिकीट चढ्या भावाने देतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, पासपोर्ट जवळ ठेवा. पाण्याच्या मोठ्या बाटल्या आणि पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. मुख्य दालनं सगळ्यात वरच्या मजल्यावर आहेत आणि जिना लांबलचक आहे. दारातच गुडघ्यांचं सांगा आणि लिफ्ट मागा, संकोच करू नका.

आत गेल्यावर सगळं बघायचं नाही, हे घरूनच ठरवून जा. सुरुवातीच्याच एका दालनात सिंहासनावर बसलेल्या मेरीची तीन प्रचंड चित्रं आहेत : चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांची. विषय एकच, काळातलं अंतर फार तर तीस वर्षांचं. पहिल्या दोन चित्रांत मेरी सोन्याच्या पार्श्वभूमीवर जणू चिकटवलेली आहे. जोत्तोची मेरी मात्र खरोखर बसली आहे; तिच्या मांडीला वजन आहे, वस्त्राखाली गुडघा जाणवतो. पुढच्या दोनशे वर्षांत या शहरात जे झालं त्याची सुरुवात त्या गुडघ्यात आहे, असं मला वाटतं. त्या खोलीत वीस मिनिटं बसा. मग बोतिचेलीचं ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’, लिओनार्दोचं तरुणपणीचं काम, मायकेलअँजेलोचं एक गोल चित्र, आणि उतरताना खालच्या मजल्यावर काराव्हाज्जोची मेड्युसा. एवढं पुरे. मधल्या मोठ्या खिडक्यांतून आर्नो आणि जुना पूल दिसतो, तिथे टेका आणि श्वास घ्या.

एक गोष्ट तिथे असताना मनात असू द्या. हे सगळं मेदिची घराण्याचं खासगी धन होतं. घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुइझा. तिला मूलबाळ नव्हतं आणि राज्य दुसऱ्या घराण्याकडे जाणार हे ठरलं होतं. १७३७ साली तिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला : चित्रं, पुतळे, पुस्तकं, जडजवाहीर सगळं तुमचं, पण यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर न्यायचं नाही; हे शहराच्या शोभेसाठी, लोकांच्या उपयोगासाठी आणि परक्यांना इथे येण्याची ओढ लागावी म्हणून आहे. त्या परक्यांमध्ये तुम्ही-आम्ही आलो. किती राजघराण्यांचा खजिना लिलावांत विखुरला ते आठवा, म्हणजे या बाईची किंमत कळते. मला ती मायकेलअँजेलोइतकीच मोठी वाटते.

बाहेर पडलात की जुना पूल दोन मिनिटांवर आहे. पोंते वेक्किओ, १३४५ चा. त्यावरची दुकानं आधी खाटकांची होती. वासाला कंटाळून १५९३ मध्ये तिथल्या सत्ताधीशाने त्यांना हटवलं आणि सोनारांना बसवलं. आजही तिथे सोनारच आहेत. कोल्हापूरच्या गुजरीत, आपल्या सराफबाजारात, वाढलेल्या डोळ्यांनी ती दुकानं जरूर बघा. खरेदीचा आग्रह मी धरणार नाही.

दुपारी झोप काढा. साडेचारच्या पुढे १२ किंवा १३ नंबरची बस पकडून टेकडीवर जा. बहुतेक लोक खालच्या मोठ्या चौकातच थांबतात आणि सूर्यास्त बघतात. तुम्ही आणखी थोडं वर सान मिनियातो चर्चपर्यंत जा. हजार वर्षांचं आहे, हिरव्या-पांढऱ्या संगमरवराचं, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला तिथले भिक्षू जुन्या ग्रेगोरियन पद्धतीने गातात. भाषा कळायची गरज नाही. बाहेर आलात की सगळं शहर पायाशी असतं आणि मधोमध तो विटकरी घुमट. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. यांना मात्र अर्धी चड्डी घालू देऊ नका.

सोमवार. आज तुमच्या यजमानांचा दिवस. घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वाट अरुंद आहे आणि अर्ध्यातून मागे फिरणं अवघड. दम लागत नसेल, हृदयाचा त्रास नसेल, बंदिस्त जागेत घाबरायला होत नसेल तर ६६ व्या वर्षीही चढता येतं. पण डॉक्टरांना विचारून मगच तिकीट काढा. वेळ ठरवूनच ते मिळतं आणि ठरलेली वेळ चुकली तर चुकली. तिकिटांची नावं शहरातल्याच कलावंतांवरून आहेत : घुमटासकट सगळं हवं तर ‘ब्रुनेलेस्की’, घुमट सोडून मनोरा हवा तर ‘जोत्तो’, आणि काहीच चढायचं नसेल तर ‘गिबेर्ती’. यांना आणि मुलाला पहिलं, तुम्हाला शेवटचं.

तुम्ही विजापूरचा गोलघुमट पाहिला असेलच. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. इथला घुमट अष्टकोनी, आतून सुमारे ४५ मीटर, आणि गोलघुमटापेक्षा दोनशे वर्षांहून जुना. चर्चचं बांधकाम १२९६ मध्ये सुरू झालं, भिंती उभ्या राहिल्या, पण वर एवढं भगदाड कसं झाकायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. कमान बांधताना खालून लाकडी साचा लावतात, तेवढ्या उंचीला आणि रुंदीला पुरेल असा साचा उभारणंच अशक्य होतं. फिलिप्पो ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्याने साचा न लावताच घुमट बांधतो म्हणून सांगितलं आणि १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत बांधून दाखवला. एकात एक अशी दोन कवचं केली, आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या-उभ्या गुंफल्या, म्हणजे चुना वाळेपर्यंत त्या एकमेकींना धरून राहतील. साहित्य वर चढवायला बैलांनी फिरवायचं यंत्र त्याने स्वतः बनवलं. बैल न वळवता त्याची दिशा उलटी करता येत असे. चढण्याची वाट या दोन कवचांच्या मधूनच जाते. यांना सांगा, धापा टाकत वर पळू नका, वाटेत भिंतीकडे बघा, त्या गुंफलेल्या विटा हाताशी येतात.

तोवर तुम्ही चर्चच्या मागच्या बाजूच्या संग्रहालयात जा. तिथे लिफ्ट आहे, बसायला जागा आहे आणि गर्दी कमी. बाप्तिस्तेरीचे, म्हणजे चर्चसमोरच्या बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचे, गिबेर्तीने घडवलेले सोनेरी दरवाजे, ज्यांच्यासमोर बाहेर रस्त्यावर शेकडो लोक फोटो काढत असतात, ते बाहेरचे नक्कल आहेत. अस्सल इथे, काचेमागे, शांतपणे बघता येतात. एका खोलीत म्हाताऱ्या मायकेलअँजेलोने स्वतःच्या थडग्यासाठी घडवायला घेतलेलं शिल्प आहे : ख्रिस्ताचा देह सावरणारी माणसं. त्याने ते स्वतःच मध्येच फोडलं, नंतर दुसऱ्याने सांधलं. मागे टोपी घातलेला म्हातारा उभा आहे, तो चेहरा त्याचा स्वतःचा असं मानतात. शनिवारी पाहिलेला डेव्हिड त्याने सव्विसाव्या वर्षी हातात घेतला होता, हे शिल्प सत्तरी ओलांडल्यावर. तुमच्या-माझ्या वयाला हेच जास्त बोलतं.

जेवण. फ्लॉरेन्स ज्यात येतं तो तस्कनी हा मांसाहाराचा प्रदेश आहे, तरी तुमची उपासमार होणार नाही. शिळा पाव, पांढरा राजमा आणि काळसर कोबीची पानं घालून शिजवलेली ‘रिबोलिता’, टोमॅटो आणि पावाची दाट ‘पाप्पा अल पोमोदोरो’, टोमॅटोत शिजवलेला राजमा, आणि मिळाली तर बेसनाची भाजलेली ‘चेचिना’, जी खाताना आपल्या पोळ्याची आठवण येईल. रिबोलितात कधी मांसाचं पाणी घालतात, म्हणून विचारायचंच. ‘सोनो वेजेतारियाना, सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दी कार्ने, सेन्झा उओवा’ : मी शाकाहारी, मांस नको, मांसाचं पाणी नको, अंडी नकोत. हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. ताज्या पास्त्याच्या पिठात बहुधा अंडं असतं, सुक्यात सहसा नसतं. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं; चालत नसेल तर ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणा. तिथला पाव बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला बेचव वाटेल. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी किंवा कांदा-लसूण मसाला त्याच्याबरोबर छान लागतो, आपल्या भाकरीतही मीठ कुठे असतं? मात्र तूप, पेढे, खवा सामानात नेऊ नका. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे.

बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी रक्कम दिसेल, ती बैठकीची असते. कॉफी काउंटरवर उभ्याने घेतली तर स्वस्त, टेबलावर बसून महाग. दुपारी तीननंतर संध्याकाळी सातपर्यंत बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद. डेव्हिडची नक्कल असलेल्या चौकात नेपच्यूनच्या कारंज्यामागे पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, फुकट आणि चांगलं. बाटली तिथे भरा.

आणि आता महाराज. सोमवारी दुपारचं जेवण झालं की टॅक्सी करा. सामान हॉटेलातच ठेवा, रात्रीची गाडी सातच्या पुढचीच काढा. तिथे टॅक्सी रस्त्यात हात दाखवून थांबत नाही, स्टँडवरून घ्यावी लागते किंवा हॉटेलला बोलवायला सांगावं लागतं. चालकाला म्हणा, ‘मोनुमेंतो आल्लिंदियानो’. भारतीयाचं स्मारक. काशिने नावाचं साडेतीन किलोमीटर लांबीचं उद्यान आहे, त्याच्या अगदी पश्चिम टोकाला. ट्राम उद्यानाच्या अलीकडच्या टोकाला सोडते, तिथून पुढे लांब चालावं लागतं, म्हणून तुमच्यासाठी ती नको.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, आणि राजर्षी शाहूंचे पुत्रही नव्हेत. हे दुसरे राजाराम, १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले. १८७० साली ते इंग्लंडला गेले, तिथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. प्रवासात रोजनिशी लिहीत होते. ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीच्या राज्याची राजधानी होतं. तिथे दहनाची प्रथा नव्हती. सोबतच्या मंडळींनी खास परवानगी मिळवली आणि मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते त्या संगमावर चिता रचली. परक्या मुलखात, थंडीत, त्या लोकांनी संगमच शोधून काढला. प्रयाग चिखलीचा संगम ज्यांच्या घराजवळ आहे त्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

१८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारला तेच. तुम्ही लहानपणापासून जो राजवाडा बघत आलात, त्याच हाताचं काम आर्नोच्या काठी झाडांत उभं आहे. जवळच नदीवर १९७० च्या दशकात बांधलेला मोठा पूल आहे, त्याचं नावही या तरुण राजावरूनच पडलं : ‘पोंते आल्लिंदियानो’. तिथले लोक सायकल चालवत, कुत्री फिरवत येतात, सगळे त्या जागेला ‘इंदियानो’ म्हणतात. तो इंदियानो कोण, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं तर मुलाला नीट सांगायला लावा.

पंचगंगेच्या काठावर राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. हे एकटे एवढ्या लांब राहिले. म्हणून मी तिथे घाई करू देणार नाही. टॅक्सीवाल्याला तासाभराने परत यायला सांगा, कारण त्या टोकाला दुसरी टॅक्सी सहज मिळत नाही. वडिलांसाठी फुलं न्यावीशी वाटली तर सकाळीच शहरात घेऊन ठेवा, तिथे दुकान नाही. फुलं पायथ्याशी ठेवा. हळदकुंकू मात्र लावू नका, त्या दगडावर डाग पडतो आणि तो निघत नाही.